दाताचं इम्प्लांट बसवल्यानंतर कशी काळजी घ्यायची, पहिल्या रात्रीपासून कॅप बसेपर्यंत

इम्प्लांट बसवून आल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळेच जपतात. गाल सुजलेला असतो, तोंड नीट उघडत नाही, त्यामुळे काही सांगावंच लागत नाही, माणूस आपोआप पडून राहतो आणि पातळ खातो. मग आठवडा-दीड आठवड्यात सूज उतरते, टाके निघतात, दुखायचं थांबतं, आणि झालं एकदाचं असं वाटून त्याच बाजूने चावायला सुरुवात होते. इम्प्लांटला सगळ्यात जास्त जपायचा काळ मात्र तेव्हा कुठे सुरू होत असतो. हे फारसं कोणी समजावून सांगत नाही, कागदावर नुसतं कडक खाऊ नका एवढं लिहिलेलं असतं, म्हणून आधी हेच नीट सांगते, मग बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आत काय चाललेलं असतं

इम्प्लांट म्हणजे टायटेनियमचा छोटासा स्क्रू, जबड्याच्या हाडात ड्रिलने भोक पाडून फिरवून बसवलेला. बसवला त्या दिवशी तो घट्ट असतो, पण ती घट्टपणाची पकड फक्त आट्यांची असते, हाड अजून त्याला धरलेलं नसतं. पुढच्या काही आठवड्यांत काय होतं तर ड्रिलने दुखावलेलं आजूबाजूचं जुनं हाड शरीर हळूहळू शोषून घेतं आणि त्या जागी नवीन हाड भरत जातं. जुनं बरंचसं गेलंय आणि नवीन अजून कच्चं आहे असा एक मधला काळ येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, आणि तेव्हा स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी असते. दुखत तर काहीच नसतं. नुकत्याच सिमेंटमध्ये रोवलेल्या खांबाला वरून सगळं सुकल्यासारखं दिसलं तरी आपण टेकत नाही, तसंच आहे हे.

या काळात स्क्रू पुन्हा पुन्हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जरी हलत राहिला तरी त्याच्याभोवती हाड न बनता मऊ तंतूंचं आवरण बनतं. मग तो कधीच पक्का होत नाही, आणि काही महिन्यांनी कॅपसाठी, म्हणजे या स्क्रूवर बसवायच्या वरच्या दातासाठी, गेल्यावर डॉक्टर तपासतात तेव्हा तो नुसता गोल फिरतो. बऱ्याच जणांना त्यात दुखतही नाही, म्हणून आश्चर्य वाटतं की असं झालं कधी.

हाड टायटेनियमला इतकं घट्ट धरतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५० च्या दशकात, सशांच्या हाडात बसवलेली टायटेनियमची उपकरणं नंतर काढता येईनात तेव्हा. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आणि त्यांची पद्धत अशी होती की खालच्या जबड्यात सुमारे ३ महिने आणि वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने त्यावर काहीही भार द्यायचा नाही. आता इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारलेत, काही वेळा लवकरही दात बसवतात, तरी वरच्या जबड्याचं हाड जास्त भुसभुशीत असतं म्हणून तिथे जास्त थांबावं लागतं, हे आजही खरं आहे.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

खुर्चीतून उठताना तोंडात गॉजची घडी दिलेली असते. ती अर्धा ते पाऊण तास नुसती दाबून धरायची, चघळायची नाही, आणि दर पाच मिनिटांनी बाहेर काढून रक्त थांबलं का बघायचं नाही, कारण दरवेळी काढताना वर बसलेली गुठळी पण ओढली जाते आणि पुन्हा रक्त सुरू होतं. अर्ध्या-पाऊण तासाने काढल्यावर अजून बऱ्यापैकी येत असेल तर नवीन स्वच्छ गॉज पाण्यात ओला करून पिळून घ्या, घडी करून बरोब्बर जखमेवर ठेवा आणि परत अर्धा तास दाबा. कोरडा गॉज जखमेला चिकटतो म्हणून ओला करायचा. गॉज संपला असेल तर साध्या काळ्या चहाची टी-बॅग गार पाण्यात भिजवून पिळून दाबली तरी चालते, चहातल्या टॅनिनने रक्त थांबायला मदत होते.

लाळ गुलाबी दिसणं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर फिकट तांबूस डाग असणं, हे पहिल्या २४ तासांत अगदी नेहमीचं आहे. थेंबभर रक्त भरपूर लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त आल्यासारखं वाटतं, त्याने घाबरून जाऊ नका, उशीवर एखादा जुना टॉवेल टाकून झोपा म्हणजे झालं. काळजीचं कधी, तर तोंड सारखं लालभडक रक्ताने भरतंय आणि अर्धा-अर्धा तास दोनदा नीट दाबूनही थांबत नाही तेव्हा.

या २४ तासांत थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही आणि स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तिन्हीत तोंडात ओढ तयार होते किंवा जोर येतो आणि गुठळी निसटते. लाळ गिळून टाका, गिळवत नसेल तर बेसिनवर वाकून तोंड उघडा आणि आपोआप पडू द्या. जिभेने जागा चाचपणं आणि ओठ ओढून आरशात टाके बघणं पण टाळा. जीभ सारखी तिथेच जाते हे मला माहितीये, ते थांबवणं अवघड असतं, पण ओठ ओढून बघणं तरी आपल्या हातात आहे, त्याने टाक्यांवर ताण येतो.

बधिरपणा उतरायच्या आत पहिली पेनकिलर पोटात गेलेली असावी. भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते, खालच्या ओठाला कधीकधी जास्त वेळ लागतो, आणि दुखणं पूर्ण जागं झाल्यावर गोळी घेतली तर ती काम करेपर्यंतचा तास फार वाईट जातो. बधिर असताना गरम काही खाऊपिऊ नका, आणि खरं तर चावूच नका, ओठ किंवा जीभ चावली जाते आणि कळत पण नाही.

बर्फ पहिल्या दिवशीच सुरू करायचा. बर्फाची पिशवी पातळ कपड्यात गुंडाळून बाहेरून गालावर १५ ते २० मिनिटं, मग तेवढाच वेळ सुट्टी, असं जागे असेपर्यंत. थेट कातडीवर बर्फ ठेवू नका. सूज आल्यावर बर्फ लावायचा असं बरेच जण समजतात, पण बर्फाचा खरा उपयोग सूज यायच्या आधीच होतो. झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा, सपाट झोपलं की ठणकतं जास्त आणि सूजही वाढते. त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस जिम, धावणं, वजन उचलणं, सारखं वाकून काम करणं बंद, डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की जखम परत वाहायला लागते.

दुसऱ्या सकाळी एक गोष्ट नक्की बघा

हे खालच्या जबड्यात इम्प्लांट झालेल्यांसाठी, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सकाळी उठल्यावर खालचा ओठ आणि हनुवटी दोन्ही बाजूंनी बोटाने हळूच शिवून बघा. दोन्हीकडे सारखं लागतंय का? इम्प्लांटच्या बाजूला अजूनही बधिर आहे, मुंग्या येतायत, किंवा चटका बसल्यासारखं होतंय, तर उतरेल हळूहळू म्हणून वाट बघत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. खालच्या जबड्याच्या आतून एक मोठी नस जाते, तिच्यावर इम्प्लांटचा किंवा सुजेचा दाब येत असू शकतो. इम्प्लांट थोडं वर घ्यायचं किंवा काढायचं ठरलं तर ते पहिल्या एक-दीड दिवसात केल्यावर नस सावरण्याची शक्यता बरीच चांगली असते, आठवड्याने गेलात तर तेवढी राहत नाही. सुट्टीचा दिवस असला तरी फोन करायचा.

सूज, काळंनिळं आणि तोंड न उघडणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पहिल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला दिसतो आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. सूज ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते, मग उतरायला लागते, हे ठरलेलंच आहे. गालावर काळंनिळं येऊ शकतं, ते दोन-चार दिवसांत हिरवट पिवळं होत खाली गळ्याकडे सरकतं, रक्त उताराकडे झिरपतं म्हणून, त्याला काही करावं लागत नाही. दोन दिवसांनंतर बर्फाचा फारसा उपयोग नसतो, मग कोमट ओल्या फडक्याने बाहेरून शेक द्या, आखडलेला जबडा त्याने मोकळा होतो. तिसऱ्या दिवसानंतर दिवसातून काही वेळा तोंड हळूहळू जेवढं उघडेल तेवढं उघडायचं, जबरदस्ती नाही. उतरलेली सूज परत वाढायला लागली किंवा चौथ्या दिवसानंतरही वाढतच राहिली तर मात्र ती साधी सूज नाही, दाखवून या.

गोळ्या

डॉक्टरांनी जे लिहून दिलंय तेच, तेवढेच दिवस. अँटीबायोटिक दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायचं नाही, आणि दिलं नसेल तर घरात पडलेलं जुनं पाकीट उघडायचं नाही. त्यात मेट्रोनिडॅझोल असेल तर कोर्सभर आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू अजिबात नको, मळमळ, उलट्या, धडधड असा जोरदार त्रास होऊ शकतो. तसंही जखम ताजी असताना दारू नकोच.

दुखण्यासाठी बहुतेक वेळा आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा दोन्ही मिळून देतात आणि दोन्ही एकत्र खूप चांगलं काम करतात. पण किडनीचा आजार, पोटात अल्सर, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, आणि लक्षात ठेवा की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त वाढतं. उलट हृदयासाठी किंवा स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी रोजची चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांनी आणि डेंटिस्टने मिळून ठरवायचं.

दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं अचानक परत वाढलं तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा.

चूळ आणि ब्रश

२४ तासांनंतर मिठाच्या पाण्याच्या चुळा सुरू करा. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर. खळखळून नाही हं, पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडून तिकडे झुकवायची आणि सोडून द्यायचं, थुंकायचं नाही.

क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला असेल तर साधारण एक ते दोन आठवडे दिवसातून दोनदा असतो. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे टूथपेस्टने ब्रश केल्यावर लगेच तो घेऊ नका, पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. दुसरं, घेतल्यावर अर्धा तास काही खाऊ नका, साध्या पाण्याची चूळ पण नको. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, डाग नंतर क्लिनिंगमध्ये निघतात आणि चव बंद केल्यावर परत येते. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस मात्र वापरत बसू नका.

बाकीच्या दातांना ब्रश त्याच रात्रीपासून करायचा, हळुवार. बरेच जण भीतीने आठवडाभर ब्रशच करत नाहीत आणि मग सगळ्या तोंडात घाण साठून जखमेलाच त्रास होतो. टाक्यांच्या जागेवर पहिले काही दिवस ब्रश नाही, तिथे चूळच पुरे. मग डॉक्टर सांगतील तेव्हा अगदी मऊ ब्रश घेऊन, हिरडीकडून दाताकडे, पुसल्यासारखा फिरवायचा. इलेक्ट्रिक ब्रश आणि पाण्याच्या धारेचं फ्लॉसर त्या जागेवर काही आठवडे नकोच, हिरडी नीट भरल्याचं डॉक्टरांनी बघू दे.

खायचं काय

पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि चावावं न लागणारं. दही, स्मूदी चमच्याने, निवलेलं सूप, कुस्करलेलं केळं. दुसऱ्या दिवसापासून अंडी, कुस्करलेला बटाटा, मऊ शिजवलेलं धान्य, मऊ शिजलेल्या डाळी, पनीर, मऊ मासा असं वाढवत जा. नुसत्या ज्यूसवर राहू नका, हाड आणि हिरडी भरायला प्रोटीन लागतं आणि चावायला त्रास म्हणून नेमकं तेच कमी पडतं. पाणी भरपूर प्या.

बिया, दाणे, लाह्या, चिप्स, टोस्टचे कडक कडे, हे पहिले दोन आठवडे तरी पूर्ण बंद, दुसऱ्या बाजूने चावलं तरीही, कारण बारीक कण फिरत फिरत जखमेत जाऊन बसतात. अडकलं तर टूथपिकने किंवा नखाने काढू नका, मिठाच्या पाण्याने निघतं, नाही निघालं तर क्लिनिकमध्ये काढून देतील.

डायबेटिस असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. मऊ आणि पातळ म्हणून जे जे हाताशी येतं त्यातलं बरंचसं गोड असतं आणि साखर चढली की जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनही लवकर होतं. आणि उलट बाजूने, खाणं एकदम कमी झालं आणि इन्सुलिन किंवा गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर साखर खाली पण जाऊ शकते. हे दिवस घरच्या मशीनवर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासत राहा.

सिगारेट आणि तंबाखू

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि नवीन हाड बनायला रक्त लागतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फेल जायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. ऑपरेशनच्या आधी निदान एक आठवडा आणि नंतर निदान दोन आठवडे बंद हवी असं सांगतात, पण वर हाडाचं वेळापत्रक सांगितलंच आहे, ते दोन आठवड्यांत संपत नाही, त्यामुळे कॅप बसेपर्यंत बंद ठेवता आली तर फारच चांगलं. वेपमध्येही निकोटिन असतं आणि ओढायची क्रिया तीच असते. चघळायचा तंबाखू तर थेट जखमेवरच बसतो. एकट्याला सोडणं जमत नसेल तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा, ते मदत करू शकतात, लपवून काही साधत नाही.

सायनस लिफ्ट किंवा बोन ग्राफ्ट झालं असेल तर

वरच्या मागच्या दातांच्या वर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असलं की सायनसचा पातळ पडदा वर उचलून खाली हाडाचे दाणे भरतात, पडदा उचलणं म्हणजे सायनस लिफ्ट आणि भरलेलं हाड म्हणजे ग्राफ्ट. असं झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुतेक दोन-तीन आठवडे, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, म्हणजे दाब नाकात न जाता तोंडातून निघून जातो. फुगे फुगवणं, हवा फुंकून वाजवायची वाद्यं, डायव्हिंग बंद. विमानप्रवास असेल तर आधी विचारून घ्या. पहिल्या एक-दोन दिवशी त्या बाजूच्या नाकपुडीतून थोडं रक्त आलं तर चालतं.

ग्राफ्टचे दोन-चार दाणे वाळूच्या कणांसारखे जिभेवर लागले तर घाबरू नका, वरचे थोडे सुटे निघतात. भरपूर निघायला लागले किंवा टाक्यांमधून पांढरं मेंब्रेन, म्हणजे ग्राफ्टवर झाकलेला पातळ पडदा, उघडं पडलेलं दिसलं तर फोन करा, आणि ते ओढून काढू नका.

टाके, हीलिंग कॅप, तात्पुरता दात

विरघळणारे टाके एक-दोन आठवड्यांत आपोआप निघतात, कधी जेवताना दोऱ्याचं टोक जिभेला लागतं, ते कात्रीने कापायच्या भानगडीत पडू नका. न विरघळणारे साधारण ७ ते १४ दिवसांत काढतात.

काहींचं इम्प्लांट पूर्ण हिरडीखाली शिवून टाकतात, तेव्हा वरून काहीच दिसत नाही. काहींच्या हिरडीतून एक छोटं चकचकीत धातूचं बटण वर आलेलं दिसतं, ती हीलिंग कॅप. नीट बघितलंत तर तिच्या मधोमध बारीक षटकोनी खाच असते, तिच्यातच स्क्रूड्रायव्हर घालून ती बसवलेली असते. या खाचेत अन्न साठतं आणि पांढरा थर धरतो, सांगतील तेव्हापासून मऊ ब्रशने रोज पुसत जा. कधीकधी ती ढिली होते आणि सगळं इम्प्लांटच हलतंय असं वाटून जीव खालीवर होतो, पण बहुतेकदा नुसतं ते बटण ढिलं झालेलं असतं. बोटाने घट्ट करायला जाऊ नका. निघूनच आली तर डबीत जपून ठेवा आणि त्याच दिवशी क्लिनिक गाठा, हिरडी त्या भोकावर फार पटकन बंद होते आणि मग ती परत उघडावी लागते. गिळली गेली तर बहुतेक वेळा पोटातून निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवा, पण खोकला थांबत नाहीये किंवा श्वास लागतोय असं झालं तर ती श्वासनलिकेत गेली असू शकते, लगेच हॉस्पिटल.

आधीची काढघालीची कवळी असेल तर डॉक्टरांनी आतून घासून मऊ अस्तर लावून दिल्याशिवाय ती घालायची नाही, कारण कवळीचा दाब दिवसभर जखमेवर आणि इम्प्लांटवर येत राहतो आणि त्याने होणारं नुकसान दिसत नाही. रात्री काढून ठेवा.

आणि ज्यांना त्याच दिवशी तात्पुरता दात बसवून मिळतो त्यांनी तर सगळ्यात जास्त जपायला हवं. तो दात दिसण्यासाठी असतो, खाण्यासाठी नाही. डॉक्टर मुद्दाम तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा थोडा आखूड ठेवतात. तो पुढच्या दातांपैकी असेल तर त्याने सफरचंद, पाव, सँडविच तोडायचं नाही, सुरीने तुकडे करून बाजूच्या दातांनी खायचं, डॉक्टर हिरवा कंदील देईपर्यंत.

दुखत नसतानाचे महिने

दुसऱ्या आठवड्यानंतर दुखणं नसतं, आणि इथूनच आपल्यावरचा पहारा आपणच ठेवायचा असतो. सगळं बंद करायची गरज नाही, इम्प्लांट हिरडीखाली झाकलेलं असेल आणि वर कवळी वगैरे नसेल तर दुसऱ्या बाजूने जवळपास नेहमीसारखं खाता येतं. इम्प्लांटच्या बाजूने मात्र पहिले दोन महिने तरी कडक काही नको, आणि सगळा जबडा इम्प्लांटवर उभा केला असेल तर डॉक्टर मऊ खाण्याची जी मुदत देतील ती पूर्ण पाळायची, त्यातले शेवटचे दिवस फार कंटाळवाणे जातात, तरीही. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण आता बरा दिसतोयस की, घे थोडं, असा आग्रह करणारे हेच असतात.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर लाज न बाळगता सांगा. झोपेत माणूस जेवढा जोर लावतो तेवढा जेवताना कधी लावत नाही. सकाळी जबडा किंवा कानशील अवघडलेलं असतं का, बाजूला झोपणाऱ्याला आवाज येतो का, हे विचारून घ्या. झोपताना दातांवर घालायचा नाईट गार्ड बनवून देतात, पण तो इम्प्लांटच्या जागेवर दाबणारा नसावा, म्हणून जुना गार्ड तसाच घालू नका.

ऑस्टिओपोरोसिससाठी अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब घेत असाल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं, राहिलं असेल तर आत्ता सांगा. या औषधांनी हाडाची नव्याने घडण्याची क्रिया मंदावते, आणि क्वचित जबड्याची जखम भरतच नाही, हाड उघडं राहतं. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन तर लोक औषध म्हणून मोजतच नाहीत, ते पण सांगायचं.

तपासणीची तारीख दुखत नाहीये म्हणून चुकवू नका. एक्स-रे काढून आणि इम्प्लांटची पकड तपासूनच पुढे जायचं की अजून थांबायचं ठरतं. डॉक्टर आणखी एक-दोन महिने थांबू म्हणाले तर घाई करू नका, ते तुमच्याच फायद्याचं आहे.

कधी थांबायचं नाही

गिळता येत नाहीये, श्वास घ्यायला जड जातंय, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर ढकलली जातेय, यातलं काहीही झालं तर डेंटिस्टच्या फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. खालच्या पुढच्या भागात इम्प्लांट झालं असेल तर क्वचित जिभेखाली रक्त साठतं आणि श्वासाची वाट अडते, ते पहिल्या काही तासांतच होऊ शकतं.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कशासाठी, तर तिसऱ्या दिवसानंतर ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पू किंवा सतत घाण चव, आणि इम्प्लांट स्वतः हलल्यासारखं वाटणं. जखमेवर पांढरट पिवळा थर दिसतो तो मात्र बहुतेक वेळा पू नसतो, भरत आलेल्या जखमेवरचा साधा थर असतो, तो खरवडू नका. शंका आली तर फोटो काढून क्लिनिकला पाठवा, रोज एकाच उजेडात एक फोटो काढून ठेवला तर वाढतंय की कमी होतंय हे सांगायला फार सोपं जातं.

कॅप बसल्यावर

खऱ्या दाताच्या मुळाभोवती जे बारीक तंतू असतात, ज्यांच्यामुळे जेवताना एखादा खडा लागला की झटकन कळतं, ते इम्प्लांटला नसतात. त्यामुळे जास्त जोर पडतोय किंवा आजूबाजूला इन्फेक्शन सुरू झालंय हे इम्प्लांट दुखून सांगत नाही. ब्रश करताना तिथे रक्त येणं, हिरडी लाल आणि सुजलेली दिसणं, वास येणं, एवढ्याच खुणा असतात, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर भोवतीचं हाड झिजत जातं. रोज दातांच्या फटीतला छोटा ब्रश किंवा इम्प्लांटसाठीचा जाड फ्लॉस, आणि साधारण सहा महिन्यांनी क्लिनिंग. बसवल्यावर काही दिवसांत चावताना कॅप आधी टेकतेय असं वाटलं तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका, घासून लेव्हल करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आणि क्लिनिकमधून इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो, तो स्टिकर त्या कार्डावर चिकटवून देतात. पुढे काही वर्षांनी आतला स्क्रू ढिला झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तिथल्या डॉक्टरांना कुठला स्क्रूड्रायव्हर आणि कुठले पार्ट लागतील हे त्याच्यावरूनच कळतं, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि एक्स-रे बघून ओळखणं दरवेळी जमत नाही. एमआरआयच्या वेळीही विचारतात. कार्डाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी पाठवून ठेवा.